त्याचा मुखवटा कोण सांभाळतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. तुम्ही सहा भागांची मालिका लिहिताय. खुनी तालुक्याच्या गावातला, एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट, म्हणजे घरोघरी जाऊन रोजची बचत गोळा करणारा. अकरा वर्षांत त्यानं पाच बायका मारल्या आहेत आणि गावात त्याच्याबद्दल वाईट बोलणारं एक माणूस नाही. पडद्यावरचे पाच गाजलेले खुनी, डेक्स्टर, पॅट्रिक बेटमन, जो गोल्डबर्ग, हॅनिबल लेक्टर आणि नॉर्मन बेट्स, तुम्ही एकापाठोपाठ एक पाहिलेत. आता विचारताय की यांत सर्वांत भक्कम मुखवटा कोणाचा, आणि तुमचा माणूस 'साधा' लिहायला गेलं की तो कागदावर निर्जीव का होतो.

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे. ती जागा मला कशी सापडली ते सांगते.

मी चोवीस वर्षं गुन्हेगारी मालिका लिहिते आहे. अलीकडची बरीच वर्षं दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करण्यात गेली. सुरुवातीच्या काळात माहितीसाठी मी एका निवृत्त पोलीस निरीक्षकांकडे जात असे. एकदा त्यांना विचारलं, असा माणूस पकडला गेला की शेजारीपाजारी काय म्हणतात? मला 'आम्हाला वाटलंच नव्हतं हो' अशी वाक्यं हवी होती, संवादात टाकायला. ते म्हणाले, तसं नंतर म्हणतात, वार्ताहर आल्यावर. आमच्यासमोर पहिल्या दिवशी वेगळंच बोलतात. 'आमचं लाइट बिल तोच भरायचा.' 'सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर आणून द्यायचा.' 'पोरीच्या अॅडमिशनला तोच धावला होता.' माणसं त्याच्याबद्दल सांगत नसतात, आपलं काय काय अडणार आहे त्याची यादी देत असतात.

त्या दिवसापासून अशी कुठलीही संहिता हातात आली की मी एकच बघते : याचं साधं असणं कोणाच्या कामाचं आहे? बहुतेक संहितांत याचं उत्तर नसतं. लेखकानं त्याला चष्मा दिलेला असतो, कडक इस्त्रीचा शर्ट, सकाळची देवपूजा, शेजारच्या पोराला चॉकलेट. याला मी पोशाख म्हणते. पोशाख एका सीनला पुरतो. अकरा वर्षं टिकायचा असेल तर तो रोज धुऊन, इस्त्री करून, त्याच्या अंगावर चढवणारी दुसरी माणसं लागतात. तुमच्या यादीतल्या पाच जणांकडे या बाजूनं बघा, त्यांच्यातलं अंतर लगेच दिसायला लागेल.

पण आधी तुमच्या यादीत नसलेला माणूस घेते, कारण माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत भक्कम मुखवटा त्याचा आहे. हिचकॉकच्या १९४३ सालच्या 'शॅडो ऑफ अ डाउट'मधला चार्ली मामा. श्रीमंत विधवांना गळा दाबून मारणारा हा माणूस पोलीस मागे लागल्यावर कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा या छोट्या गावी बहिणीच्या घरी येतो. बहीण एमा, बँकेत नोकरी करणारा मेहुणा, तीन मुलं. थोरल्या भाचीचं नावही चार्लीच, मामावरून ठेवलेलं. मामा येण्याआधीच्या सीनमध्ये ही भाची पलंगावर पडून म्हणते आहे की या घरात काही घडतच नाही, आपल्याला कोणीतरी सोडवायला यायला हवं. ती मामाला तार करायला जाते, तर मामाचीच तार येऊन पडलेली असते.

पटकथा म्हणून हे काय आहे ते नीट बघा. खुनी दारात येण्याआधी त्याची गरज दारात येऊन उभी आहे. जोसेफ कॉटननं केलेला मामा देखणा आहे, हजरजबाबी आहे, हे खरं. पण त्याला फारसं सोंग करावंच लागत नाही. तो भेटवस्तू आणतो. मेहुण्याला घड्याळ, बहिणीला फर, भाचीला पाचूची अंगठी. अंगठीच्या आत दुसऱ्याच कुणाची तरी आद्याक्षरं कोरलेली असतात. भाची ती वाचते, आणि तिला वाटतं दुकानदारानं मामाला फसवलं. पहिला पुरावा हातात पडला तेव्हा तिनं स्वतःहून मामाच्या बाजूचं स्पष्टीकरण तयार केलं. मुखवटा सांभाळणं म्हणतात ते हे. पुढे तो वर्तमानपत्राचं पान फाडून पोरांसाठी त्याचं कागदी घर करतो, बातमी लपवायला. तिथून तिची शंका वाढते, आणि वाचनालय बंद होता होता धावत जाऊन ती ते पान शोधते. बातमीतल्या मेलेल्या बाईची आद्याक्षरं अंगठीतल्या अक्षरांशी जुळतात.

तरी माझ्या लेखी त्या चित्रपटाचं काळीज बहीण एमा आहे. मामा निघणार हे कळल्यावर ती चारचौघांत रडते. लग्न झालं की बाई आपण कोण होतो हे विसरते, अशा अर्थाचं काहीतरी बोलते. हा धाकटा भाऊ म्हणजे तिच्याकडे उरलेलं तिचं सगळं माहेर. भाचीला सगळं कळल्यानंतरही ती गप्प राहते ती आईसाठी. मामा तिच्या जिवावर उठतो, तरीही. शेवटी तो आगगाडीखाली सापडून मरतो, गाव त्याची थाटात अंत्ययात्रा काढतं, चर्चमध्ये त्याचे गुण गायले जातात, आणि भाची बाहेर उभी असते. खुनी मेला तरी मुखवटा शाबूत राहिला, कारण तो कधी त्याच्या एकट्याच्या मालकीचा नव्हताच. ही पटकथा लिहिणाऱ्यांत थॉर्नटन वाइल्डर हे नाटककार होते. घर म्हणजे काय हे ज्याला कळतं त्यालाच असा खुनी लिहिता येतो असं मला वाटतं.

आता तुमची यादी. नॉर्मन बेट्सला तुम्ही यात का घेतलंत हे मी समजू शकते, पण तो तुमच्या उपयोगाचा नाही. १९५९ सालच्या रॉबर्ट ब्लॉकच्या 'सायको' कादंबरीतला नॉर्मन चाळिशीचा, सुटलेला, चष्मा लावणारा, दारू पिणारा माणूस आहे. वाचकाला तो आवडावा अशी सोयच नाही. पुढच्याच वर्षी हिचकॉकनं चित्रपटासाठी अँथनी पर्किन्सला घेतलं : किडकिडीत, लाजरा, तरुण, बोलताना अडखळणारा. तो पाहुणीला सँडविच आणि दूध देतो. महामार्ग दुसरीकडून गेल्यामुळे बारा खोल्यांचं मोटेल ओस पडलंय. खुनानंतर तो गाडी दलदलीत ढकलतो, गाडी बुडता बुडता मध्येच थांबते, आणि थिएटरातल्या प्रत्येकाचा श्वास अडकतो : बुडू दे, बुडू दे. हा सीन मी प्रत्येक कार्यशाळेत दाखवते. मुखवटा प्रेक्षकाच्या हातात कसा द्यायचा याचा याहून चांगला धडा नाही. पण नॉर्मन स्वतः काही लपवत नाही. खून आईनं केला असं त्याला खरोखरच वाटतं. बेल्जियममधल्या लाइस्टेट आणि लिंकोव्स्की या मनोविकारतज्ज्ञांनी ४०० चित्रपट पाहून त्यांतली १२६ सायकोपॅथ, म्हणजे भानावर असलेली पण भावनाशून्य, पात्रं तपासली आणि २०१४ साली निष्कर्ष छापले, तेव्हा नॉर्मनला त्यांनी सायकोपॅथ मानलं नाही. वास्तवाशी नातं तुटलेला रुग्ण म्हटलं. तुमचा एजंट पूर्ण शुद्धीत खून करतो आणि संध्याकाळी भरणा बरोबर जुळवतो. त्याचं आणि नॉर्मनचं गोत्र वेगळं.

लेक्टरबद्दलही फार थांबत नाही. 'रेड ड्रॅगन' या १९८१ च्या पहिल्या कादंबरीत हा माणसं खाणारा मनोविकारतज्ज्ञ आपल्याला भेटतो तेव्हाच कोठडीत आहे, मुखवटा उतरलेला. लपलेला लेक्टर बघायचा असेल तर २०१३ ते २०१५ मधली मॅड्स मिकेल्सनची 'हॅनिबल' मालिका बघा. तिथे तो पोलिसांना सल्ला देतो आणि पाहुण्यांना जेवू घालतो. आपल्याला माहीत असतं ताटात काय आहे, त्यांना नसतं. मात्र इतका सुसंस्कृत, इतका सर्वज्ञ खुनी ही दंतकथा आहे. तुमच्या तालुक्यात दंतकथा चालणार नाही. तिथं माणसाच्या बापाचं, सासऱ्याचं आणि बांधावरच्या भांडणाचं सगळं सगळ्यांना ठाऊक असतं.

याच कारणानं बेटमनही तसाच्या तसा इकडे आणता येत नाही. पण त्याच्याकडून शिकण्यासारखं एक मोठं आहे. 'अमेरिकन सायको', १९९१ ची कादंबरी, २००० सालचा मेरी हॅरनचा चित्रपट. वॉल स्ट्रीटवरची ही सगळी तरुण माणसं एकाच न्हाव्याकडे जातात, एकाच शिंप्याकडचे वाटावेत असे सूट घालतात, एकमेकांना भलत्याच नावानं हाक मारतात. व्हिजिटिंग कार्डांच्या सीनमध्ये सगळी कार्डं जवळपास सारखी आहेत, आणि पांढऱ्या रंगाच्या छटेवरून बेटमनला घाम फुटतो. हा माणूस लपत नाही, तो ओरडून सांगतोय. वकिलाच्या फोनवर सगळे खून कबूल करतो. दुसऱ्या दिवशी वकील ते थट्टेवारी नेतो, त्याला दुसऱ्याच नावानं ओळखतो, आणि बेटमनसारख्या मुळमुळीत माणसाच्या हातून असं काही होणं शक्य नाही असं बेटमनलाच सांगतो. खून खरंच झाले की त्याच्या डोक्यात, हे चित्रपट मोकळं सोडतो. पण एक सीन मला रात्री जागं ठेवतो. ज्या फ्लॅटमध्ये प्रेतं असायला हवीत तिथे तो परत जातो, तर फ्लॅट रंगवून चकचकीत, आणि एक बाई तो गिऱ्हाइकांना दाखवते आहे. ती त्याला शांतपणे निघून जायला आणि पुन्हा इकडे न यायला सांगते. तिला काय ठाऊक आहे ते आपल्याला कळत नाही. इतकंच कळतं, की ती जागा विकली जायला हवी आहे. त्या क्षणी मुखवटा बेटमनच्या तोंडावर नाही, घराच्या भिंतींवर आहे.

डेक्स्टर तुमचा लाडका आहे हे तुमच्या पत्रातून दिसतंच. २००६ ते २०१३, आठ पर्वं, मायामी पोलिसांत रक्ताच्या शिंतोड्यांचा तज्ज्ञ, सकाळी सगळ्या ऑफिसला डोनट आणणारा. दत्तक घेणाऱ्या बापानं घालून दिलेला नियम असा, की मारायचं ते फक्त खुन्यांना. इथे मी तुमच्याशी स्पष्ट बोलते. डेक्स्टरचा मुखवटा सांभाळण्याचं काम मालिकेचे लेखक करतात. बळी पडणारा प्रत्येक माणूस मरायच्या लायकीचा आहे अशी तजवीज त्यांनी आधीच करून ठेवली आहे, म्हणून आपण निर्धास्तपणे त्याच्या बाजूला बसतो. कसबी काम आहे, मी ते आवडीनं पाहिलंय. पण तुमच्या पाच बायकांनी कोणाचं काही बिघडवलेलं नाही. ती पळवाट तुम्हाला नाही, आणि तुम्ही ती शोधूही नका.

डेक्स्टरमधलं तुमच्या उपयोगाचं आहे ते चौथ्या पर्वात, २००९ चं. जॉन लिथगोनं केलेला आर्थर मिचेल. शाळेत शिक्षक, चर्चमध्ये मानाची जागा, गरिबांना घरं बांधून देणारा, बायको-मुलांचा माणूस. आणि तीस वर्षं खून करत आलेला. डेक्स्टर त्याला पकडण्याऐवजी त्याच्याकडे शिकायला जातो, की संसार आणि हे दोन्ही एकत्र कसं जमवायचं. मग थँक्सगिव्हिंगच्या दिवशी त्या घरात जेवायला बसतो आणि त्याला दिसतं की हे घर नाही, ओलीस धरलेली माणसं आहेत. बायकोचं हसू, मुलाचं 'हो सर', मुलीची धडपड, सगळं धाकातून आलेलं. बाहेरचं जग ज्याला आदर्श कुटुंब म्हणतं ते आतल्या तीन माणसांनी जिवाच्या भीतीनं रोज उभं केलेलं नाटक आहे. एमाच्या घरी मुखवटा मायेनं सांभाळला गेला, आर्थरच्या घरी भीतीनं. तुमच्या एजंटला बायको आहे असं तुम्ही लिहिलंय आणि तिला दोनच सीन दिलेत, दोन्हींत ती चहा देते. ती यांतली कोण, हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही. सगळ्यात आधी ते ठरवा.

जो गोल्डबर्ग. पुस्तकाच्या दुकानातला शांत, वाचणारा मुलगा, 'यू' ही २०१४ ची कादंबरी, २०१८ मध्ये सुरू झालेली मालिका. तो सगळं 'तू, तू' करून आपल्या कानात सांगतो, आणि प्रेयसीवर पाळत ठेवणंही काळजी वाटायला लागतं. ते इतकं परिणामकारक झालं की भूमिका करणाऱ्या पेन बॅडग्लीला स्वतः चाहत्यांना जाहीरपणे सांगावं लागलं, या माणसाच्या प्रेमात पडू नका. म्हणून माझा आग्रह : खुन्याच्या तोंडी व्हॉइसओव्हर देऊ नका. तुमच्या मसुद्यात तो पहिल्या पानापासून आहे. आतला आवाज मिळाला की प्रेक्षक त्याच्या बाजूला सरकतो आणि त्या पाच बायका त्याच्या गोष्टीतलं सामान होऊन बसतात. मालिका संपल्यावर त्यांची नावं कोणाला आठवत नसतील तर आपण काय लिहिलं?

आतला आवाज द्यायचाच हट्ट असेल तर आधी जिम थॉम्प्सनची १९५२ ची 'द किलर इनसाइड मी' वाचा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, कंटाळवाणेपणाचं, उत्तर त्यात आहे. लू फोर्ड हा टेक्सासमधल्या एका छोट्या गावाचा डेप्युटी शेरीफ. गावाला वाटतं हा भला पण जरा मंद माणूस. बोलायला लागला की घासून गुळगुळीत झालेली सुभाषितं एकामागून एक ऐकवत राहतो, समोरचा जांभया देतो, निघायला बघतो, आणि हा त्याला सोडत नाही. ते तो मुद्दाम करतोय. हात उगारता येत नाही त्या दिवशी तो माणसांना शब्दांनी छळतो. म्हणजे कंटाळवाणा माणूस कंटाळवाणा लिहायचा नसतो; त्याच्या कंटाळवाणेपणाला काम द्यायचं असतं. आपल्याकडे असा माणूस 'चालायचंच' म्हणतो. कांद्याचा भाव पडला, चालायचंच. कुणाची सून घर सोडून गेली, चालायचंच. तुमच्या एजंटच्या तोंडी हा एक शब्द द्या आणि पहिल्या भागात तो तीन वेळा येऊ द्या, कुणाच्या लक्षात येणार नाही असा. चौथ्या भागात बेपत्ता मुलीच्या आईसमोर तो तेच म्हणेल तेव्हा प्रेक्षकाच्या अंगावर काटा येईल, आणि तुम्हाला डोळ्यांत चमक, पार्श्वसंगीत, आरशासमोरचं हसू यातलं काहीच लागणार नाही.

आता आपल्या मातीतलं. पडद्यावरचा असा खुनी मराठी घराघरांत ज्या मालिकेनं नेला ती 'देवमाणूस', २०२० मध्ये सुरू झालेली. साताऱ्याकडच्या एका गाजलेल्या प्रकरणाची लोकांना तिच्यावरून आठवण झाली. त्या प्रकरणाबद्दल मी इथे बोलत नाही, मालिकेबद्दल बोलते. कंपाउंडर असलेला माणूस डॉक्टर म्हणून गावात बसतो आणि गाव त्याला देवमाणूस म्हणायला लागतं. तिच्यातल्या खेचाखेचीबद्दल, दागिने आणि प्रेमप्रकरणांच्या फेऱ्यांबद्दल माझ्या तक्रारी आहेत. पण नाव ठेवणाऱ्याला मी दाद देते. सगळं त्या एका शब्दात आलंय. जिथे तापात फणफणलेलं पोर घेऊन रात्री तालुक्याला जायला गाडी मिळत नाही, तिथे सुई टोचणारा हात कुणाचा हे कोण विचारणार? डिग्री बघायला मागणं म्हणजे उद्या आपल्याच पोराला औषध नाही.

हे नाटकी वाटत असेल तर इंग्लंडमधलं बघा. मँचेस्टरजवळच्या हाइड गावचे डॉक्टर हॅरॉल्ड शिपमन २००० साली १५ रुग्णांच्या खुनाबद्दल दोषी ठरले, आणि नंतरच्या चौकशीनं २००२ मध्ये बळींचा आकडा किमान २१५ सांगितला. बहुतेक वयस्क बायका. तिथे तर दवाखाने होते, नोंदी होत्या, यंत्रणा होती. पण म्हातारीच्या घरी स्वतः येणारा, निवांत बसून बोलणारा डॉक्टर कोणाला नको होता? मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की संशय आधी कोणाला आला. अंत्यविधी करणाऱ्या घरातल्या माणसांना, कारण या डॉक्टरांचे पेशंट वारंवार एकाच तऱ्हेनं सापडत होते, घरच्या खुर्चीत, नीट कपडे घातलेले. आणि एका टॅक्सीचालकाला, ज्याची म्हातारी गिऱ्हाइकं एकामागून एक कमी होत होती; तो त्यांची यादी ठेवायला लागला होता. यांतल्या कोणाला शिपमनकडून काही नको होतं, आणि दोघांचा धंदा असा की माणसं मोजली जातात.

हे सूत्र कल्पित कथांतही दिसतं. डेक्स्टरच्या ऑफिसात डोनटला न भुलणारा एकच, सार्जंट डोक्स. फ्रिट्झ लांगच्या १९३१ च्या 'एम'मध्ये मुलांना मारणाऱ्याचा चेहरा शहरभर कोणाला ओळखता येत नाही, तो ओळखतो फुगे विकणारा आंधळा, त्याच्या शिट्टीवरून. मात्र चार्लीची भाची हे सूत्र मोडते. तिला मामाची गरज सगळ्यांत जास्त, आणि ओळखलं तिनंच; जिवापाड प्रेम करणारं माणूस लक्षही तितकंच ठेवतं. या दोघांतलं कोणतं माणूस तुमच्या कथेत असेल ते तुम्ही निवडा. पण ते हुशार पोलीस अधिकारी नको. ते शेवटी येतात.

'दहाड' तुम्ही पाहिली असेलच, २०२३ ची. मुलींच्या कॉलेजात हिंदी शिकवणारा सोज्वळ प्राध्यापक, आणि मागे कर्नाटकातल्या एका प्राथमिक शिक्षकाच्या खऱ्या प्रकरणाची छाया : लग्नाचं आमिष, गर्भनिरोधक म्हणून सायनाइडची गोळी, सार्वजनिक शौचालयात सापडलेलं प्रेत. तिथे खुन्याचा मुखवटा मुलींचे आईबापच सांभाळतात, ते त्याला ओळखतही नसताना. हुंड्याअभावी लग्न रखडलेली मुलगी पळून गेली, तोंड काळं केलं, आता नाव काढायचं नाही. तक्रार नाही म्हणजे शोध नाही. हे लिहिताना माझा हात जड होतो, कारण यात राक्षसाची गरजच उरत नाही. लाज पुरते.

मी स्वतः पुण्याची. १९७६-७७ मध्ये शहरात दहा खून झाले तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. दिवेलागणीला दारं लागायची, मोठी माणसं हलक्या आवाजात बोलायची. पकडले गेले ते कला महाविद्यालयाचे चार विद्यार्थी. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. ते एकटे लपून मारणारे नव्हते, टोळी होती, त्यामुळे तुमच्या विषयात ते बसत नाहीत. पण तेव्हाचं एक मनात राहिलंय. वर्षभर आम्ही मुलं भयंकर चेहऱ्याचा कोणीतरी कल्पून घाबरत होतो, आणि पेपरात छापून आले ते आमच्या गल्लीतल्या दादांसारखे चेहरे. त्या धक्क्याचं उत्तर शोधत मी या धंद्यात आले असं मला कधीकधी वाटतं.

आता तुमचा एजंट. तुम्हाला अंदाज नाही तुम्ही किती चांगला पेशा निवडलाय. तो रोज दारात येतो. भाजीवालीचे वीस, शिंप्याचे पन्नास, एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचे शंभर. कोणाकडे पैसा साठला, कोणाचा मुलगा पुण्याहून फोन करत नाही, कोण दुपारी एकटी असते, हे त्याला कुटुंबातल्या माणसांच्या आधी कळतं. कोणाकडे सुटे नसले तर तो पदरचे भरतो, खाडा पडू देत नाही. उद्या द्या म्हणतो. आणि पतसंस्थेच्या कर्जाला दोन जामीन लागतात, त्यांतला एक बऱ्याचदा तोच असतो. मसुद्यात हे जामिनाचं तुम्ही एका ओळीत उरकलंय. तिथेच तुमची मालिका आहे. अर्धं गाव ज्याच्या सहीवर उभं आहे त्याच्याबद्दल वाईट कोण बोलेल?

माझी सूचना अशी. तिसऱ्या बाईला मारल्यानंतर तो तिच्या खात्यात रोजचे पन्नास भरत राहतो. नोंद पडते तोवर ती कागदावर जिवंत आहे, आणि ती बहिणीकडे गेली असेल असं गाव धरून चालतं. नऊ दिवस. दहाव्या दिवशी प्रेत सापडतं, डॉक्टर सांगतात मरून आठवडा तरी झालाय. पतसंस्थेत रोजचा भरणा जुळवणारी एक क्लार्क आहे; तुमच्या मसुद्यात तिला नाव नाही, ते द्या. ती खातं बंद करायला उतारा काढते आणि नोंदी बघते. तिच्या मनात पहिलं येईल ते हेच, की त्यानं पदरचे भरले असतील, नेहमीसारखे, बिचारा. हे तिला मोठ्यानं म्हणू द्या, शेजारच्या टेबलाला. शेजारचा मान हलवेल. मग ती तारखा पुन्हा बोटानं मोजेल, या वेळी मनातल्या मनात.

पुढच्या सीनमध्ये तिच्या घरी कपाटातली फाइल निघते. नवऱ्याच्या टेम्पोचं कर्ज, सव्वीस हप्ते बाकी, आणि जामीनदाराच्या रकान्यात त्याची सही. दार वाजतं. रोजची वेळ झालेली असते.